बंदीचा कागद मागा

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिला असा: वाचनालयातल्या एका पुस्तकावर चार जणांनी तोंडी आक्षेप घेतला, काही दिवसांत ते पुस्तक कपाटातून नाहीसे झाले, ग्रंथपालांना विचारले तर ‘वरून सांगितलंय’ एवढेच उत्तर मिळाले, याला सेन्सॉरशिप म्हणायचे का? दुसरा प्रश्न जुना आहे: भावना दुखावणाऱ्या लेखनावर बंदी असावी की नसावी? दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकताना पटते, असे तुम्ही लिहिले आहे.

मी वकील आहे. प्रकाशक, नियतकालिकांचे संपादक आणि नाट्यनिर्माते यांच्यासाठी हस्तलिखिते कायद्याच्या नजरेने वाचणे आणि खटला उभा राहिलाच तर तो लढवणे, हे माझे बरेचसे काम. म्हणून मी व्यवहाराच्या बाजूने सुरुवात करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे, आणि हा सेन्सॉरशिपचा सर्वांत अवघड प्रकार आहे. सरकारने राजपत्रात छापलेल्या बंदीशी लढता येते. ‘वरून सांगितलंय’ याच्याशी लढायला समोर कोणी उभेच नसते. या विषयात माझी एक ठाम मागणी आहे आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातूनच निघते: लेखनावरचा प्रत्येक निर्बंध लेखी असला पाहिजे, त्यावर कारणे हवीत, सही हवी, आणि तो न्यायालयापुढे नेता आला पाहिजे. ज्याला कारण लिहून देता येत नाही, त्याला वाचकाच्या हातातून पुस्तक काढून घेण्याचा अधिकार नाही.

कायदा मुळात काय म्हणतो ते आधी पाहू, कारण चर्चेत दोन्हीकडचे लोक तो गृहीत धरतात आणि बहुतेक वेळा चुकीचा गृहीत धरतात. घटनेच्या अनुच्छेद 19 ने भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले, आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्यावर वाजवी निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतील तेही सांगितले. कारणे आठ आहेत: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाला चिथावणी. यादी इथे संपते. ‘भावना’ तिच्यात नाहीत.

ही यादीही एका झटक्यात तयार झालेली नाही. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला तेव्हाच्या मद्रास राज्याने आपल्या हद्दीत बंदी केली होती. 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, कारण ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण तेव्हा घटनेत नव्हते. त्यानंतर 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ते कारण आत आले. पण त्याच दुरुस्तीने ‘वाजवी’ हा शब्दही आत आणला. अभिव्यक्तीच्या खटल्यांत आम्ही वकील आजही उभे असतो ते याच एका शब्दावर.

मग भावना आल्या कुठून? त्या आल्या दंड संहितेतून. धर्मभावनांचा अपमान हा गुन्हा ठरवणारे कलम 295-अ हे 1927 मध्ये, ब्रिटिश राजवटीत आले. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 299 झाले आहे. पण हे कलम वाचताना लोक मधले दोन शब्द गाळतात. अपमान ‘बुद्धिपुरस्सर’ आणि ‘दुष्ट हेतूने’ केलेला असला पाहिजे. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, ते याच अटीच्या आधारे: अजाणता, निष्काळजीपणाने किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान या कलमाखाली येत नाही. इतिहासकाराने कागदपत्रे तपासून काढलेला निष्कर्ष कितीही बोचला, तरी केवळ बोचतो म्हणून तो गुन्हा होत नाही. गटागटांत शत्रुत्व वाढवण्याचे कलम 153-अ, म्हणजे आताचे 196, यालाही हेतूची अशीच अट आहे.

आता पुस्तकावरची बंदी. जिल्हाधिकारी, पोलीस निरीक्षक, नगराध्यक्ष, विद्यापीठाचे कुलगुरू, पत्रकार परिषदेत बोलणारे मंत्री, यांपैकी कोणाच्याही तोंडी सांगण्याने पुस्तक सरकारजमा होत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 95 आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेले नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 98 हा अधिकार फक्त राज्य सरकारला देतात. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि सरकारला असे का वाटले, ती कारणे अधिसूचनेतच द्यावी लागतात. ही औपचारिकता नव्हे. हरनाम दास प्रकरणात 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारचा जप्तीचा आदेश रद्द केला, कारण आदेशात कारणे नव्हती. कारणेच नसतील तर त्यांची योग्यता न्यायालयाने तपासायची कशी, हा त्या निकालाचा गाभा आहे. जप्तीविरुद्धचा अर्ज उच्च न्यायालयाच्या किमान तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतो. कायदा लिहिणाऱ्यांनी पुस्तकाची जप्ती किती गंभीर मानली होती, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण शिवाजी महाराजांवरील जेम्स लेन यांच्या इंग्रजी पुस्तकाचे. त्या पुस्तकातल्या वादग्रस्त मजकुराबद्दल अनेकांना मनापासून वेदना झाली, आणि त्या वेदनेचा मला अनादर करायचा नाही. पण घटनाक्रम नीट पाहा. नोव्हेंबर 2003 मध्ये प्रकाशकाने पुस्तक बाजारातून मागे घेतले. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर, लेखकाला मदत केल्याच्या रागातून, हल्ला झाला. राज्य सरकारचा जप्तीचा आदेश त्यानंतर आला. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि जुलै 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जे दाखवून दिले ते प्रत्येक संपादकाने लक्षात ठेवावे: पुस्तकामुळे शत्रुत्व निर्माण होते असे अधिसूचना म्हणते, पण ते कोणत्या समाजगटांत, हे तिच्यात कुठेच नाही. म्हणजे कारण लिहायची वेळ आली तेव्हा ते नीट लिहिता आले नाही.

निकाल वाचकाच्या बाजूने लागला, पण पुस्तक आदेशाच्या आधीच गेले होते हे विसरून चालणार नाही. न्यायालय बंदी रद्द करू शकते. प्रकाशकाने मागे घेतलेली आवृत्ती पुन्हा छापण्याची सक्ती ते करू शकत नाही. कायद्याचा हात जिथवर पोहोचतो त्याच्या अलीकडेच बहुतेक पुस्तके गळून पडतात.

हे कसे घडते ते मी माझ्या टेबलावर पाहतो. एखादी कादंबरी, चरित्र किंवा दिवाळी अंकातला लेख माझ्याकडे येतो तेव्हा प्रकाशकाचा प्रश्न ‘हे कायद्यात बसते का’ असा क्वचितच असतो. तो असतो, ‘यावरून काही होणार नाही ना?’ या दोन प्रश्नांमध्ये फार मोठे अंतर आहे. पहिल्याचे उत्तर मी देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही, कारण त्यासाठी कुठल्याशा गावात कोणाला कधी राग येईल ते आधी सांगावे लागेल. मग लेखकाला फोन जातो, दोन परिच्छेद जातात, जातीचे नाव जाते, गावाचे नाव बदलते, आणि जे छापून येते त्यात काय गेले ते वाचकाला कधीच कळत नाही. छापखान्याचा मालक फॉर्म यंत्रावर चढवण्याआधी थबकतो, कारण आपल्याकडे मुद्रकाचे नाव पुस्तकावर असते आणि गुन्हा दाखल होतो तेव्हा तेही फिर्यादीत येते. वितरक गठ्ठे परत पाठवतो. सभागृहाचा व्यवस्थापक अचानक दुरुस्तीचे काम काढतो. यांपैकी एकानेही लेखनाला विरोध केलेला नसतो. प्रत्येकाने आपले घर सांभाळलेले असते, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

त्यांची भीती खोटी नाही. जुने खटले काढून पाहा. 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरून 25 रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये त्यांना निर्दोष सोडले, आणि समाजाच्या सभ्यतेच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत अशी नोंद केली. 25 रुपयांचा दंड आणि सात वर्षे. मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्यावर डी. एच. लॉरेन्स यांची कादंबरी विकल्याचा खटला झाला, त्यात दंड 20 रुपयांचा होता. ते प्रकरण 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले, विक्रेता हरला, आणि वाईट परिणाम होऊ शकेल अशा मनांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे का, ही व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमधली 1868 ची कसोटी आपल्या कायद्यात पक्की झाली. पुस्तकात काय आहे ते मला माहीत नव्हते, हा बचाव विक्रेत्याला मिळाला नाही. ती कसोटी टाकून समकालीन समाजाच्या मापदंडांकडे वळायला 2014 साल उजाडले.

त्याही मागे गेलो तर र. धों. कर्वे दिसतात. लैंगिक आरोग्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरे दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले आणि त्यांना 200 रुपये दंड झाला. त्या काळी ही रक्कम एका माणसाच्या खिशातून चालणाऱ्या मासिकाला जबर होती. आज कुठल्याही आरोग्यविषयक सदरात सहज छापली जाईल अशी ती माहिती होती. तरीही कर्व्यांनी 1953 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत मासिक चालवले. इतका चिवटपणा सगळ्या लेखकांकडे असावा अशी अपेक्षा कोणत्याही समाजाने धरू नये.

अलीकडचे उदाहरण याहून लांबलेले आहे. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची गांधीजींवरची मराठी कविता 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात छापली गेली आणि अश्लीलतेचा गुन्हा नोंदला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 2015 मध्ये. अंकाच्या संपादकांनी पुढच्याच अंकात माफी मागितली होती म्हणून ते सुटले. कवीला मात्र खटल्याला सामोरे जावे लागेल असे ठरले. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी शब्द घालताना मापदंड अधिक कडक लागेल, असेही त्या निकालात आहे. मला तो निकाल पटत नाही. कवितेतला गांधी हा कवीने उभा केलेला आरसा असतो, तो गांधीजींचा जबाब नसतो. शिवाय माफी मागणारा सुटतो आणि लिहिणारा अडकतो हे एकदा दिसले, की पुढच्या संपादकाने काय करायचे ते त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

इथे एक बारीक पण कामाची गोष्ट. शत्रुत्व वाढवणे किंवा धर्मभावनांचा अपमान या आरोपांवर न्यायालयाने खटल्याची दखल घेण्याआधी सरकारची पूर्वमंजुरी लागते. लेखकाचे संरक्षण म्हणूनच ती ठेवली आहे. पण पोलिसांनी गुन्हा नोंदवायला ती लागत नाही. म्हणजे पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, जप्त झालेला संगणक आणि अटकपूर्व जामिनाची धावपळ हे सगळे मंजुरीच्या आधीच होऊन जाते. मला एकच सुधारणा मागायला सांगितली, तर मी हीच मागेन: लेखनाबद्दलचा गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्याने तो मजकूर संपूर्ण वाचावा आणि कोणते वाक्य कोणत्या कलमात बसते ते लिहून सही करावी.

नाटक आणि चित्रपटाची गोष्ट पुस्तकापेक्षा वेगळी आहे, कारण तिथे परवानगी आधी घ्यावी लागते. ब्रिटिशांनी 1876 मध्ये नाट्यप्रयोगांचा कायदा केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातल्या कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि 1910 मध्ये त्यावर बंदी आली. तो कायदा केंद्राच्या पातळीवर रद्द व्हायला 2018 साल उजाडले. महाराष्ट्रात मात्र पोलीस कायद्याखालच्या नियमांतून नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाण्याची पद्धत उभी राहिली, तिला 2016 मध्ये अमोल पालेकरांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले. तीच संहिता पुस्तक म्हणून छापायला कोणाची परवानगी लागत नाही, ती रंगमंचावर बोलायला मात्र लागते. याचे पटणारे कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही. तरी या मंडळांबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ती कापाकापी लिहून देतात. म्हणूनच 1972 मध्ये ‘सखाराम बाइंडर’ अडवले गेले तेव्हा नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात जाऊ शकले आणि प्रयोगाचा हक्क मिळवून परत आले. चित्रपटांची पूर्वतपासणी सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये चित्रपट दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या प्रकरणात वैध ठरवली आहे, त्यामुळे तो दरवाजा सध्या बंद आहे. पण प्रमाणन मंडळाच्या निर्णयावर दाद मागायला एक अपील न्यायाधिकरण होते, ते 2021 मध्ये बरखास्त झाले. आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला ते परवडते. कर्ज काढून पहिला चित्रपट करणारा दिग्दर्शक दृश्य कापून मोकळा होतो.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती इंटरनेटची. 2012 मध्ये पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका टिप्पणीवरून अटक झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम 66-अ मुळे ती झाली ते 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. हा विजय सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच निकालात कलम 69-अ मात्र वैध ठरले, ते फारसे कोणाच्या लक्षात नाही. या कलमाखाली केंद्र सरकार संकेतस्थळे, खाती, चित्रफिती बंद करवू शकते. न्यायालयाने ते टिकवले, त्यामागे एक महत्त्वाचा आधार असा होता की आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यामुळे त्याला आव्हान देता येते. पण याच कलमाखालच्या 2009 च्या नियमांत सोळावा नियम आहे, तो या तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. कारणे लिहिली जातात, पण ज्याचा मजकूर गेला त्याच्या हातात ती बहुधा पडत नाहीत. एखादा पत्रकार सकाळी उठतो आणि त्याचे खाते भारतात दिसेनासे झालेले असते. कंपनी म्हणते, कायदेशीर मागणीवरून केले. कोणत्या वाक्यासाठी? उत्तर नाही. तुमच्या ग्रंथपालांचे ‘वरून सांगितलंय’ आणि हे, यांत तत्त्वतः काही फरक मला दिसत नाही.

आता दुसरी बाजू. बंदी मागणारे सगळे असहिष्णू असतात असे समजणारे लोक माझ्या बाजूला बरेच आहेत आणि त्यांचे हे समजणे चुकीचे आहे. शब्दांनी माणसे मारली जातात. एखाद्या वस्तीवर चालून जाण्याआधी तिथल्या लोकांबद्दल महिनोन्‌महिने जे पसरवले जाते, तेही कोणाचे तरी ‘अभिव्यक्ती स्वातंत्र्य’ म्हणूनच पसरवले जाते. एखाद्या स्त्रीचे खासगी छायाचित्र, बलात्काराच्या धमक्या, जातीवाचक अपमान, बहिष्काराची हाक, यांच्यावर कारवाई झाली पाहिजे आणि ती लवकर झाली पाहिजे. त्यासाठी कायद्यात कलमे आहेत. मी माझ्या प्रकाशकांना असा मजकूर काढायला सांगतो आणि सांगत राहीन. रेषा कुठे, असे विचाराल तर मी पाहतो ते हे: मजकुराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? विचार, ग्रंथ, परंपरा, सत्ता, इतिहासातली थोर माणसे असतील, तर लेखकाला शक्य तितकी मोकळीक हवी, मग तो चुकीचा असला तरी. जिवंत माणसांचा एखादा गट असेल आणि त्यांना इजा करा, घर देऊ नका, हाकला असे सांगितले जात असेल, तर तिथे चिथावणी हे घटनेतलेच कारण लागू पडते. मधल्या मजकुराचा निवाडा प्रत्येक वेळी वाचूनच करावा लागतो, त्याला सूत्र नाही.

व्यवहारात मात्र या कलमांचा उपयोग दुबळ्यांपेक्षा बळकटांनाच जास्त होताना मी पाहिला आहे. ज्याच्यामागे संघटना आहे, ज्याचा मोर्चा निघू शकतो, त्याच्या भावना दुखावतात तेव्हा पोलीस ठाणे ताबडतोब हलते. ज्याच्याबद्दल रोज गरळ ओकली जाते पण ज्याला मोर्चा काढणे परवडत नाही, त्याची फिर्याद घ्यायला लोक टाळाटाळ करतात. भावनेवर आधारलेली बंदी म्हणूनच मला धोक्याची वाटते. ती आरडाओरडा मोजते, इजा मोजत नाही. 1989 मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही. विरोधकांना आवरता येत नाही असे राज्याने म्हणणे म्हणजे कायद्याच्या राज्याने शरण जाणे आहे. हा निकाल मी न्यायालयात अनेकदा वाचून दाखवला आहे. आयोजकाच्या घरी रात्री पोलिसांचा ‘कार्यक्रम पुढे ढकलता आला तर बघा’ असा फोन येतो तेव्हा तो वाचून दाखवायला मी तिथे नसतो.

बंदी आणि मोकळे रान यांच्यामधली वाट महाराष्ट्राने एकदा शोधली आहे. ती दुर्दैवाने फार आठवली जात नाही. 1987 मध्ये राज्य सरकारने डॉ. आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातल्या राम आणि कृष्णावरील परिशिष्टावरून वादळ उठले. ते परिशिष्ट वगळा म्हणून एक बाजू रस्त्यावर आली आणि बाबासाहेबांच्या एका शब्दालाही हात लावू देणार नाही म्हणून दुसरी. सरकारने आधी माघार घेतली. 1988 मध्ये तडजोड झाली ती अशी: मजकूर संपूर्ण राहील, आणि या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही अशा अर्थाची टीप सोबत छापली जाईल. ज्याला वाचायचे तो वाचतो, ज्याला असहमती नोंदवायची त्याची नोंद तिथेच राहते. त्या वेळी रस्त्यावर किती राग होता हे लक्षात घेतले, तर ही तडजोड किती मोलाची होती ते कळेल.

माझ्या मागणीवर एक आक्षेप रास्त आहे, तो मीच मांडतो. लेखी आदेश म्हणजे न्याय नव्हे. जून 1975 मध्ये आणीबाणी आल्यावर वृत्तपत्रांवर जी पूर्वतपासणी लादली गेली तीही आदेश काढूनच. खरे आहे. पण त्या काळातही मुंबईत काय झाले ते पाहा. ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने नाकारला, संपादक मिनू मसानी न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, मुंबई उच्च न्यायालयाने नाकारलेला मजकूर तपासून सेन्सॉरचे निर्णय चुकीचे ठरवले. सगळ्या नियतकालिकांची शिडे एकाच वाऱ्याकडे वळवणे हे सेन्सॉरचे काम नाही, अशा अर्थाचे वाक्य त्या निकालात आहे. हे शक्य झाले कारण नकार कागदावर होता. फोनवरच्या ‘छापू नका’चा असा निवाडा कोणत्या न्यायालयाने कसा करावा?

तोंडी दडपणाचाही निवाडा कधीकधी होतो, पण त्यालाही कागदाचा तुकडा सापडावा लागतो. तमिळ कादंबरीकार पेरुमल मुरुगन यांना जानेवारी 2015 मध्ये जिल्हा प्रशासनासमोरच्या बैठकीत विनाअट माफीच्या निवेदनावर सही करावी लागली, आणि त्यांनी आपल्यातला लेखक मेला असे जाहीर केले. जुलै 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले की अशा बैठकीतला समझोता लेखकावर बंधनकारक नाही. ती सही झाली नसती, नुसताच दम दिला गेला असता, तर न्यायालयापुढे काय ठेवले असते, हा विचार मला अनेकदा येतो.

आता तुमच्या वाचनालयाकडे. एक भेद सांभाळा. वाचनालयाने कोणते पुस्तक विकत घ्यावे हा ग्रंथनिवड समितीचा अधिकार आहे. जागा आणि पैसा मर्यादित असतो, आणि एखादे पुस्तक घेतले नाही म्हणजे सेन्सॉर केले असे होत नाही. घेतलेले, नोंदणी पुस्तकात चढलेले, सभासद वाचत असलेले पुस्तक कोणाच्या तरी आक्षेपावरून काढले तर गोष्ट बदलते. सभासद म्हणून कार्यकारी मंडळाला साधे पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात भाषण नको. पुस्तक कोणत्या तारखेला आणि कोणाच्या निर्णयाने काढले, त्या निर्णयाची नोंद कोणत्या सभेच्या इतिवृत्तात आहे, आक्षेप लेखी आला होता का, आणि पुस्तकावर राज्य सरकारची कोणती अधिसूचना आहे, एवढे विचारा. शासकीय अनुदानावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थांना 2005 चा माहिती अधिकार कायदा लागू होऊ शकतो. तुमच्या वाचनालयाचे अनुदान किती आहे ते पाहून तो मार्गही वापरा. ग्रंथपालांवर मात्र चिडू नका. बहुतेक वेळा त्या साखळीतला सर्वांत एकटा माणूस तोच असतो, आणि तुमच्या लेखी पत्रामुळे ‘मला सभासदांना उत्तर द्यायचंय, लिहून द्या’ असे वर सांगायला त्यालाही आधार मिळतो. अशा पत्रानंतर पुस्तक गाजावाजा न होता कपाटात परत आल्याचे मी पाहिले आहे. इतिवृत्तात कारण लिहायची वेळ आली की आक्षेप घेणाऱ्यांपैकी सही करायला पुढे येणारे फार थोडे असतात.

आणि उत्तरात खरोखरच सरकारी अधिसूचनेची प्रत मिळाली, तर तारीख आधी पाहा. राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्यासाठी तुम्ही लेखक किंवा प्रकाशक असण्याची गरज नाही. त्या पुस्तकात ज्याचा काही हितसंबंध आहे अशी कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते, आणि जेम्स लेन यांच्या पुस्तकाच्या, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेल्या प्रकरणातले अर्जदार लेखकही नव्हते आणि प्रकाशकही नव्हते. ते पुस्तक वाचण्याचा आपला हक्क मागायला आलेले नागरिक होते.